माहेरी निघालेला डबा

कॅरव्हॅन विकत घ्यायची असेल तर आधी तिच्यात चढून उड्या माराव्यात. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा पुण्यात असतो, त्याला हल्ली चाकांवरच्या घराचं वेड लागलं आहे. रोज फोनवर चकचकीत फोटो पाठवतो आणि विचारतो, "मावशी, तुमच्याकडे होती ना पूर्वी? काय बघून घ्यायची?" मी त्याला सांगितलं, रंग बघू नकोस, पडदे बघू नकोस, आत जाऊन उड्या मार. त्याला वाटलं मावशीचं वय झालं. पण आमच्या भाऊंनी आणि सलीमचाचांनी जामनेरकडच्या एका उघड्या माळावर नेमकं हेच केलं होतं, आणि ते दृश्य मी जीपच्या बॉनेटवर बसून डोळ्यांनी पाहिलं आहे. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं जळगाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. दोन पोक्त माणसं, एक धोतरातला नि एक लेंग्यातला, पत्र्याच्या एका डब्यात हातात हात घालून उड्या मारत होती, डबा धडाम धडाम वाजत होता, आणि तो विकणारा ठेकेदाराचा मुकादम बाहेर तोंडात तंबाखू तशीच धरून उभा होता. मग कर्रकन आवाज झाला आणि डब्याच्या खालून भाऊंचा एक पाय बाहेर आला. चप्पल पायातच होती.

मला वाटलं, संपलं, आता परत घरी. तर आतून भाऊंचा आनंदी आवाज आला, "सलीम, सापडलं! लाकूड फक्त इथंच कुजलंय!" पाय गेला म्हणून वस्तू टाकायची असं थोडंच आहे, पाय कुठे जातो ते कळलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. कालव्याच्या कामावर साहेब लोकांना राहायला कुणीतरी हा डबा कुठूनसा आणला होता. काम संपलं, साहेब गेले, डबा बाभळीखाली उरला. दोन चाकं, पुढे लोखंडी दांडा आणि हूक, मागच्या अंगाला दार, आणि त्या दाराशेजारी एक मोठी काच. आत शेळ्या बांधत असावेत, कारण वास शेळ्यांचा होता. भाऊंनी त्या काचेतून बराच वेळ बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "पलंग इथं बसेल." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण हा डबा कुणासाठी बघतोय.

आईसाठी. आई त्याआधी काही वर्षं गच्चीवर बिबडे वाळत घालायला चढताना शिडीवरून पडली होती. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, हा आमच्याकडे उन्हाळ्याचा कुळाचार, घरोघरी पाटी भरभरून वाळत घालतात. बिबड्यांना काही झालं नाही, आईचा मणका मात्र दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, घरात चार पावलं चाला, पण बसून प्रवास नाही. बस नाही, रिक्षा नाही, बैलगाडी तर नाहीच नाही. तेव्हापासून आईचा पलंग पुढच्या खोलीत आला आणि आमचं घर तिथून चालू लागलं. भाजी फोडणीला टाकली की वासावरून ती ओरडायची, "हिंग विसरलीस!" रस्त्याने कोण गेलं, कुणाच्या सायकलची चेन वाजते, कुणाची सून रुसून निघाली, सगळं तिला पडल्या जागी कळायचं. पण ती पूर्वी हसायची तशी हसेनाशी झाली होती. आईचं हसणं म्हणजे एक प्रकार होता. आधी आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे, मग डोळ्यांतून पाणी, आणि सगळ्यात शेवटी एकदम शिट्टीसारखा आवाज. ती शिट्टी ऐकून शेजारच्या बायका कारण न विचारता हसायला लागायच्या. ती शिट्टी घरात बंद झाली होती आणि भाऊंना ते खुपत होतं, हे मला आज कळतं.

आणि आखाजी जवळ आली की आई गप्पच व्हायची. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो, आणि इथे दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. सासुरवाशिणी माहेरी जातात, गावागावांत निंबाला, म्हणजे कडुलिंबाला, झोके बांधतात, बायका दिवसभर गातात, खातात, सासरच्यांची यथेच्छ टवाळी करतात. आईचं माहेर नरडाण्याच्या अलीकडचं एक खेडं. तिथे गावाबाहेर एक मोठा निंब, त्याच्या फांदीला चऱ्हाटाचा झोका, आणि गावातल्या प्रत्येक लेकीला पहिला झोका द्यायचा मान माझ्या आजोबांचा, म्हणजे आबांचा. द्यायच्या आधी ते विचारायचे, "घट्ट धरं का?" म्हणजे घट्ट धरलंस का. लेक म्हणायची, "धरं, आबा." मगच हात लावायचे. आई हे मला इतक्या वेळा सांगायची की तो निंब मी बोटाने काढून दाखवला असता. आबा आता थकले होते, त्यांच्याने बसमध्ये चढवत नव्हतं. इकडे आईला बसवत नव्हतं. बापलेकीच्या मधे सगळा जळगाव-धुळे रस्ता आडवा पसरला होता. "आबांच्या हातचा एक झोका राहिला बघ," ती एकदा मला म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. भाऊ तेव्हा दारातच उभे होते.

भाऊंचं काम विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं. जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारा पुन्हा गुंडाळायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे एक उघडी जुनी जीप होती, तिला ब्रेक होते असं भाऊ म्हणायचे. सलीमचाचा त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, बसच्या सीटा शिवण्यात त्यांचा हात धरणारा जळगावात कुणी नव्हता. डबा अंगणात आला आणि दोघांच्या अंगात आलं. कुजलेली फळी बदलली. शेळ्यांचा वास घालवायला आधी निंबाचा पाला जाळला, मग ऊद जाळला, मग आमच्या शेजारच्या काकूंनी कापूर दिला, शेवटी डब्याला देवळाचा आणि दर्ग्याचा मिळून वास यायला लागला आणि त्याखालून शेळी डोकावायचीच. सलीमचाचांनी पलंगासाठी कापसाची अशी गादी शिवली की तिच्यावर हात ठेवला तर हात परत मागावा लागायचा. पलंग मागच्या मोठ्या काचेशी बोल्टने घट्ट बसवला, म्हणजे आईला पडल्या पडल्या रस्ता दिसावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्याची भट्टी होते, म्हणून वाळ्याचे पडदे लावले आणि त्यांवर पाणी मारायचं काम मला दिलं.

भाऊंची खास करामत म्हणजे घंटी. शाळेत असते तसली मोठी घंटी त्यांनी डब्याच्या पुढच्या अंगाला, हुकाच्या अगदी वर बसवली, तिची बॅटरी आत ठेवली आणि बटण आईच्या उशाशी आणलं. एकदा वाजली तर थांब, दोनदा वाजली तर चल. आजही भाच्याला मी हेच सांगते, ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या माणसांमध्ये बोलण्याची काहीतरी सोय हवी. तो म्हणाला, "मावशी, चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसं बसवायची नसतातच." खरं आहे त्याचं. तुम्हीही बसवू नका. आम्ही बसवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे निघालो. पुढे जीपमध्ये भाऊ आणि सलीमचाचा, मागे डब्यात आई पलंगावर आणि मी तिच्या पायाशी. गल्लीतून वळताना भाऊ विसरले की आपल्या मागे कुणीतरी आहे. एकट्या जीपला पुरेल एवढंच वळले, डबा आपला सरळच आला, आणि कोपऱ्यावरच्या मास्तरांची कपडे वाळत घालायची दोरी घेऊन निघाला. डब्याच्या एका कोपऱ्याला मास्तरांचं धोतर आणि मास्तरीणबाईंची दोन लुगडी फडफडवत आम्ही हमरस्त्याला लागलो. मागून मास्तर बनियनवर धावत आले. आईने घंटी दाबली, जीप थांबली, मास्तरांनी धोतर सोडवून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "सुखरूप या." निघता निघता मास्तरीणबाईंनी केळीचा एक घड दारातून आत सरकवला. माहेरी निघालेल्या बाईला रिकामं सोडत नाहीत.

हा घड म्हणजे सुरुवात होती, हे तेव्हा कुणाला कळलं? एरंडोलला आत्याचं घर रस्त्यालाच. ती वाटच पाहत होती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार, असं खाऊ घातलं आणि मग घरातून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. लोणच्याची बरणी, बिबड्यांचा डबा, शेवयांची पाटी. भाऊ म्हणाले, "अक्का, जागा नाही." आत्या म्हणाली, "माहेरले रिकामा हाते कोणी जास का?" भाऊंनी दार उघडलं. दार मागे, त्यामुळे जे येईल ते दारातून ढकलायचं आणि पलंगाखाली सारायचं. पारोळ्याला मावशी. मावशीकडून उडदाच्या डाळीचं पोतं, गुळाची भेली, आणि एक नवा कोरा पाटा-वरवंटा, कारण आबांच्या घरचा पाटा झिजला आहे असं तिने कधीतरी ऐकलं होतं. पाटा उचलताना सलीमचाचा म्हणाले, "आपा, पूरा पहाड ही दे दो ना." मावशीला ते कौतुक वाटलं. तिने वर कांद्याची गोणी दिली.

मावशीच्या दारात हे चाललं असताना बाहेर गर्दी जमली होती. पांढरा डबा, आत पलंग, पलंगावर आडवी बाई, लोकांनी जो व्हायचा तो समज करून घेतला. एक म्हातारा कुडत्याची बाही वर करून दारापाशी रांगेत पहिला उभा राहिला. "दवाखाना शे ना? सुई देतस का?" त्याच्यामागे रांग लागलीसुद्धा. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, खोकणारे, लंगडणारे, एकाने तर शेळीच आणली, तिला बहुतेक वास लागला असावा. आई काचेतून हे बघत होती. ती मला म्हणाली, "त्यांना सांग, पेशंट आम्ही आणलाय, डॉक्टर तुम्ही द्या." मी ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं. सगळी रांग हसली, आणि त्या म्हाताऱ्याने बाही खाली करत पलंगाकडे बघून विचारलं, "काय व्हयनं व माय तुले?" आईने त्याला शिडीपासून सगळी हकिगत सांगितली. तो निघताना एक कलिंगड ठेवून गेला. तेही पलंगाखाली गेलं.

पुढे धुळ्यापर्यंत आईने घंटीचा जो छळ मांडला त्याला तोड नाही. गुलमोहर दिसला, घंटी. उंटांचा तांडा दिसला, घंटी. भाऊ दर वेळी जीप बाजूला घेऊन घामाघूम होऊन पळत यायचे, "काय झालं? दुखतंय का?" आणि आई म्हणायची, "नाही हो, तो बघा ना कसा फुललाय." इतके दिवस तिला छताशिवाय काही दिसलं नव्हतं. पलंगावर पालथं पडून, हनुवटीखाली हात घेऊन ती मागे पळणारा रस्ता बघत होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना ती हात करायची आणि ते भोंगा वाजवायचे. मी पडद्यांवर पाणी मारायची, वाळ्याचा गार वास यायचा, आम्ही दोघी अगदी मैत्रिणींसारख्या खिदळत होतो. मला वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली सकाळ होती.

धुळ्यात गुलाबमामा भेटले. आईचे थोरले भाऊ, आम्हाला न्यायला मुद्दाम गावाहून आलेले. अंगाने भरभक्कम, त्यात त्यांनी आखाजीचा बाजार केलेला. आंब्याच्या पाट्या, नारळाचं पोतं. सगळं मागच्या दारातून आत. मामा स्वतःही आत आले आणि बहिणीशी बोलायला म्हणून पलंगाच्या मागच्या कडेला टेकले. डब्याने कुरकुर केली. पुढे जीपमधून सलीमचाचांनी वळून पाहिलं, म्हणाले, "भाऊ, जीप आज आसमान देख रही है." भाऊ म्हणाले, "चढ असेल."

चढ नव्हताच. पुढे सोनगीरच्या अलीकडे उतार लागला. आग्र्याचा रस्ता, समोरून ट्रकमागून ट्रक, आणि आमचा डबा हळूच डावीकडे गेला. मग हळूच उजवीकडे. मला वाटलं गंमत आहे. मग तो जोरात डावीकडे गेला आणि केळीचा घड माझ्या मांडीवर आला. उजवीकडे गेला तेव्हा बरणी निघाली. मामा, कलिंगड आणि आंबे एकदम या भिंतीवरून त्या भिंतीवर जायला लागले. बाहेर ट्रकचे भोंगे, आत वरवंटा गडगडतोय, आणि या सगळ्यावर घंटी, एकदा नाही, दोनदा नाही, सलग, कारण आईची मूठ बटणावर आवळली होती. भाऊंचं सांगणं असं की त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा काढून घेतला आणि स्टिअरिंगचं चाक सरळ धरून बसले. सलीमचाचांचं सांगणं असं की भाऊंचा पाय घाबरून कुठल्याच कामाचा उरला नव्हता. काही असो, तेच बरोबर होतं. डबा डोलायला लागला की ब्रेक मारायचा नाही, हे आज मी भाच्याला मोठ्या अधिकाराने सांगते. होता होता जीप मंदावली आणि रस्त्याच्या कडेला एका बाभळीपाशी थांबली.

भाऊ धावत आले. चेहरा कागदासारखा. दार उघडून बघतात तर मामा चारी पाय वर, मी केळ्यांत, आणि आई उशीत तोंड खुपसून हादरतेय. "शांता! शांता, कुठे लागलं?" आईचे नुसते खांदे हलत होते. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पलंगाच्या दांडीला धरून खाली बसले. तेवढ्यात आईने तोंड वर केलं, डोळे वाहत होते, आणि मग ती शिट्टी वाजली. लांबलचक, रेल्वेसारखी. मामांच्या डोक्यावर शेवयांची पाटी पालथी होती, तिकडे बोट दाखवून ती हसत होती. मी हसायला लागले, मामा हसायला लागले, बाहेर सलीमचाचा रस्त्यावर बसून हसत होते. एकटे भाऊ तेवढे हसले नाहीत.

"पुरे झालं," ते म्हणाले. "मागे फिरायचं. या डब्यात मी तुला आणखी एक मैल नेणार नाही." मामा म्हणाले, धुळ्यात थांबू, बघू. आईचं हसू तिथेच थांबलं. तिने डोळे पुसले. "मी मागे फिरणार नाही," ती म्हणाली. "इथं उतरवा मला हवं तर. पलंगावरच्या पलंगावर आखाज्या निघून गेल्या माझ्या. नरडाणा आता हाकेवर आलंय. आबा निंबाखाली येऊन बसले असतील." भाऊ म्हणाले, "अगं, पण डबा उलटला असता! मणका आहे तो, जळालेली मोटार नाही, मी पुन्हा गुंडाळून द्यायला." बाहेर ऊन चढत होतं. मला कळत होतं की आता भाऊ ऐकणार नाहीत, कारण ते आईवर रागावले नव्हते, त्यांना भीती वाटली होती.

काहीतरी करायला हवं म्हणून मामा उठले आणि ओझ्याचा अंदाज घ्यायला दारातून मागे उतरले. ते उतरताच डबा मागून वर झाला आणि पुढे जीप धपकन खाली बसली. आईला ते पडल्या पडल्या जाणवलं. ती एकदम कोपरावर उठली. "अहो! गाडी उलाळ आहे!" मामांनी कपाळावर हात मारला, "उलाळ शे, भाऊ! बठ्ठं वजन मांगे शे!" भाऊ हुकाकडे बघत राहिले. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो, गाडी आवरत नाही. तिला उलाळ म्हणतात. आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं. भाऊ बैलगाडीत वाढलेले, मामांची हयात बैलगाडीत गेलेली, सलीमचाचांचे वडील तर गाड्यांची चाकं बांधायचे. पण रबराची चाकं आणि काचेची खिडकी दिसली, आणि सगळ्यांनी आपापली अक्कल घरी खुंटीला टांगली. पलंग मागे, दार मागे, आणि गावोगावच्या मायेचं ओझं सगळं मागे. मामा म्हणाले, "शेतकरीना पोरे आपण, आनि हाई ध्यानमा नही उनं!" तेव्हा कुठे भाऊ हसले. हसता हसता हुकावर डोकं टेकून बराच वेळ उभे राहिले.

आता ओझं पुढे घ्यायचं. काही टाकून द्यावं असं कुणी सुचवलंही नाही, आत्याची बरणी बाभळीखाली सोडून आलो असतो तर तिने आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नसतं. डाळीचं पोतं, कांदे, नारळ, पाटा, सगळं चाकांच्या थोडं पुढे डब्याच्या तळावर नीट रचलं. पण पलंग बोल्टने बसवलेला आणि बोल्ट खोलायचे पाने घाईत जळगावलाच राहिलेले. आई म्हणाली, "मग मला पण त्या पोत्यांवरच ठेवा. मी काय वेगळी आहे?" तर सलीमचाचांची ती कापसाची गादी काढून पोत्यांवर अंथरली, कडेने केळीचा घड टेकू म्हणून लावला, उशाला आंब्याची पाटी. भाऊंनी आणि मामांनी तिला अलगद उचलून गादीवर ठेवलं. घंटीचं बटण ताणून तिच्या हातात दिलं. एरंडोल, पारोळा आणि धुळं, सगळं अंगाखाली घेऊन आई माहेरी निघाली. डबा पुन्हा एकदाही डोलला नाही. मामांना मात्र पुढे जीपमध्ये बसवलं, ते जरा नाराज झाले.

गावाच्या वेशीतून डबा आत जाणं शक्यच नव्हतं. ट्रेलर मागे घ्यायचा तर चाक उलट्या बाजूला फिरवावं लागतं, हे शिकायला भाऊंना वेशीबाहेरचा एवढासा माळ पुरला नाही. गावातल्या निम्म्या माणसांनी डावीकडे, निम्म्यांनी उजवीकडे ओरडून मदत केली. शेवटी जीप सोडवली, वीसेक जणांनी मिळून डबा हाताने ढकलत त्या निंबाखाली आणला आणि चाकांना दगड लावले. निंबावर झोका होता. माहेरपणाला आलेल्या लेकी नव्या लुगड्यांत होत्या, त्या झोका सोडून आमच्याकडे धावल्या. कुणाच्या तोंडात सांजोरी तशीच होती. "शांता उनी! शांता उनी!" दारातून आत मुंडकीच मुंडकी.

आणि मग बायका बाजूला झाल्या, कारण आबा येत होते. काठी टेकत, एका हाताने डबा चाचपत. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. मला वाटलं ते थेट दारापाशी येतील. ते पुढे गेले, हुकापाशी. काठी काखेत धरून त्यांनी हुकाच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबला. दांडा खाली गेला. हात सैल केला, वर आला. लेक सासरहून येईल त्या प्रत्येक गाडीचं जू त्यांनी आयुष्यभर असंच दाबून पाहिलं असणार. "जोख बराबर शे," त्यांनी तोलाचा निकाल दिला. "जवाईबापू, गाडी चांगली भरी." भाऊंनी मान खाली घातली, मामांनी दुसरीकडे पाहिलं, आणि सलीमचाचांनी तोंडात रुमाल कोंबला.

"आबा," आतून आईचा आवाज आला. "मी शे. शांता." तिला तिथून ते दिसत नव्हते, मधे पत्रा होता. आबांनी तळहात पुन्हा दांड्यावर ठेवला. दाबला, सोडला. डबा चाकांवर पुढे झुकला, मागे झुकला. इतकं नेमकं वजन बसलं होतं की त्या थकलेल्या हाताला काही कष्टच पडले नाहीत. मग ते थांबले आणि पत्र्याला तोंड लावून म्हणाले, "शांता, घट्ट धरं का?" आत आईने एका हाताने केळीचा घड धरला, दुसऱ्या हाताने माझा हात. "धरं, आबा."

आबांनी झोका दिला. खाली, वर. खाली, वर. बाहेर कुणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळ्या लेकींनी ते उचललं. वाळ्याचे पडदे हलत होते, आंबे उशाशी इकडून तिकडे घरंगळत होते. भाऊ बाहेरून ओरडत होते, "हळू, हळू, मणका आहे!" आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आईचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी, मग ती शिट्टी. गाणं म्हणणाऱ्या बायका कारण न विचारता हसायला लागल्या.

भाच्याने परवा विचारलं, "मावशी, पुस्तकात लिहिलंय हुकावर वजन बेताचं हवं. बेताचं म्हणजे किती?" मी म्हटलं, म्हाताऱ्या बापाच्या एका हाताला पेलेल एवढं. तो म्हणाला, हे किलोत सांग. आता किलोत कसं सांगायचं?

थोड्या वेळाने आबांचा हात दमला. डबा थांबला. बायकांचं गाणं थांबलं, भाऊंनी सुटकेचा निःश्वास सोडला, आबांनी काठी पुन्हा हातात घेतली. तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर घंटी वाजली, इतकी मोठ्याने की ते दचकले. पुन्हा एकदा वाजली. "हाई काय शे?" त्यांनी विचारलं. मी दारातून डोकं बाहेर काढून ओरडले, "आबा, दोनदा वाजली म्हणजे चालू द्या!"

त्यांनी काठी सलीमचाचांच्या हातात दिली आणि दोन्ही तळहात दांड्यावर ठेवले.